विश्लेषण : अटकेच्या वेळी पोलीस हत्यार कोणत्या अधिकारात काढून घेतात? तेच हत्यार न्यायालयात का टिकत नाही?

‘सापळा रचून संशयितास ताब्यात घेण्यात आले. अंगझडतीत त्याच्या कमरेला खोचलेला गावठी बनावटीचा कट्टा व दोन जिवंत काडतुसे मिळून आली.’ पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकातील हा मजकूर वाचकांना एव्हाना पाठ झाला असेल. गाव बदलते, कट्ट्याऐवजी कधी कोयता असतो, बाकी सगळे तेच. वाचायला साध्या वाटणाऱ्या या दोन वाक्यांत ताबा, झडती, जप्ती आणि अटक अशा चार वेगवेगळ्या कायदेशीर कृती आहेत. त्या कोणत्या क्रमाने झाल्या, कोणासमोर झाल्या आणि हत्यार कमरेवरून न्यायालयापर्यंत कोणाच्या हातून गेले, यावर काही वर्षांनी खटल्याचा निकाल ठरतो. पोलिसांना हत्यार काढून घेण्याचा अधिकार आहे का, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. अडचण त्यानंतर सुरू होते.

मूळ तरतूद काय?

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. जुन्या संहितेतील कलम ५२ आता नव्या संहितेत कलम ५० झाले आहे. अटक करणारा पोलीस अधिकारी किंवा अटक करणारी अन्य व्यक्ती अटक झालेल्याच्या अंगावरील हल्ल्याची हत्यारे काढून घेऊ शकते, असे ते सांगते. त्यासाठी वॉरंट लागत नाही, वरिष्ठांची परवानगी लागत नाही. हत्यार परवान्याचे आहे की बेकायदा, हेही त्या क्षणी पाहायचे नसते. हेतू एवढाच, की त्या हत्याराने पोलिसांवर, जमावावर किंवा आरोपीने स्वतःवर वार करू नये.

या कलमाला दुसरा भागही आहे, आणि तो बातम्यांत क्वचितच दिसतो. हत्यार काढून घेणे ऐच्छिक आहे. काढून घेतलेले प्रत्येक हत्यार सुपूर्द करणे मात्र बंधनकारक. ज्या न्यायालयासमोर किंवा ज्या अधिकाऱ्यासमोर आरोपीला हजर करायचे, त्याच्याकडेच हत्यारही गेले पाहिजे. म्हणजे गस्तीवरील हवालदाराने पकडलेला माणूस आणि त्याचा सुरा, दोन्ही एकाच वाटेने पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यापर्यंत किंवा न्यायदंडाधिकाऱ्यांपर्यंत पोहोचायला हवेत. माणूस ठाण्यात आणि सुरा जीपच्या डिकीत, असे कायद्याला चालत नाही.

‘ताब्यात घेतले’ आणि ‘अटक केली’ यात फरक काय?

नव्या संहितेने या कलमात काही शब्दांची भर घातली आहे. ‘अटक केल्यानंतर लगेच’ हत्यार काढून घेता येईल, असे आता म्हटले आहे. जुन्या कलमात ‘लगेच’ नव्हते. भर छोटी असली तरी महाराष्ट्रातील पोलीस ठाण्यांचा नेहमीचा क्रम पाहिला, तर तिचे वजन कळते.

प्रत्यक्षात होते असे : संशयिताला रस्त्यावर अडवले जाते, झडती होते, हत्यार सापडते, जप्ती पंचनामा होतो, मग सर्वांना ठाण्यात आणून गुन्हा दाखल होतो आणि त्यानंतर अटक पंचनामा लिहिला जातो. कागदावर जप्तीची वेळ सायंकाळी पावणेसातची आणि अटकेची रात्री सव्वानऊची, असे सहज घडते. मधल्या अडीच तासांत तो माणूस ‘ताब्यात’ होता.

‘ताब्यात घेणे’ हा वृत्तपत्रांचा आणि पोलिसांचा शब्द आहे. अटक कशी होते, हे कायद्याने सांगितले आहे : शरीराला स्पर्श करून किंवा त्या व्यक्तीला जखडून. शब्दाने किंवा कृतीने ती व्यक्ती स्वतःहून स्वाधीन झाली तर स्पर्शाचीही गरज नाही. प्रत्येक अटकेत ताबा असतो, पण प्रत्येक ताबा म्हणजे अटक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये दीपक महाजन प्रकरणात म्हटले होते. बचाव पक्षाचा वकील नेमके इथेच बोट ठेवतो. पावणेसातला अटक झाली नव्हती, तर ‘अटकेनंतर लगेच’ हत्यार घेतले कसे? आणि झाली होती, तर अटकेची वेळ सव्वानऊ का लिहिली? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक महागात पडते, कारण आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याचे २४ तास अटकेच्या क्षणापासून मोजले जातात.

पोलिसांकडे यावर उत्तर असते, ते म्हणजे झडती कलम ५० खाली झालीच नव्हती, अन्य कायद्याखाली झाली होती. हे उत्तर अनेकदा बरोबरही असते. मात्र ते कागदावर आधीच दिसले पाहिजे. उलटतपासणीत सुचलेले चालत नाही.

अटक न करता हत्यार घेता येते का?

येते, आणि नाकाबंदीत बहुतेक वेळा हेच अधिकार वापरले जातात. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १९ नुसार शस्त्र बाळगणाऱ्या कोणालाही पोलीस परवाना दाखवायला सांगू शकतात. तो दाखवता आला नाही तर नाव-पत्ता विचारून, गरज भासल्यास शस्त्र जप्त करता येते. नाव सांगण्यास नकार दिला किंवा खोटे नाव सांगितल्याचा संशय आला, तर विनावॉरंट अटक. कलम २० याहून कडक आहे. शस्त्र बेकायदा कामासाठी नेले जात असल्याचा सबळ संशय असेल, तर परवाना असला तरी अटक आणि जप्ती होऊ शकते. वाहने आणि बोटींची झडती कलम २३ खाली होते.

राज्यात याच्या जोडीला महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ३७ आहे. पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी वेळोवेळी मनाई आदेश काढतात. त्यात तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या आणि इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगण्यास बंदी घालता येते. आदेश मोडणाऱ्याला कोणताही पोलीस निःशस्त्र करू शकतो आणि घेतलेली वस्तू सरकारजमा होते. कलम १३५ नुसार शिक्षा एक वर्षापर्यंत आहे. लेखी कारण दिल्याशिवाय ती चार महिन्यांहून कमी करता येत नाही. गुन्ह्याच्या बातमीत ‘३७(१) सह १३५’ असे आकडे दिसतात ते हेच. त्या दिवशी, त्या हद्दीत असा आदेश खरोखर लागू होता, हे मात्र आदेशाची प्रत दाखवून सिद्ध करावे लागते.

कोयता हे शस्त्र आहे का?

पुण्यात २०२२-२३ च्या सुमारास ‘कोयता गँग’ हा शब्द रुळला आणि राज्यभर पसरला. त्याआधी कोयता म्हटले की ऊसतोड डोळ्यांपुढे येई. कायद्यातही हा पेच आहेच. शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येतून केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू, उदाहरणार्थ लाठी किंवा साधी हातातली काठी, वगळल्या आहेत. धारदार शस्त्रांच्या बाबतीत नियमांत माप दिले आहे : पाते नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद. तिथेही घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाच्या वस्तूंना सूट आहे. शिवाय अशा हत्यारासाठी परवाना सक्तीचा ठरतो तो कलम ४ खाली अधिसूचना निघालेल्या क्षेत्रातच.

त्यामुळे कोयता काढून घेणे आणि कोयता बाळगल्याचा गुन्हा सिद्ध करणे, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. अटक केलेल्या माणसाच्या हातात कोयता असेल तर कलम ५० खाली तो घेताना शेतीचे अवजार की शस्त्र, हा वाद उद्भवत नाही. त्याने हल्ला होऊ शकतो, एवढे पुरे. पण पुढे ‘कलम ४ सह २५’ लावले, की पात्याचे माप पंचनाम्यात हवे, अधिसूचना हवी आणि ही वस्तू त्या वेळी शेतीच्या कामासाठी नव्हती हे परिस्थितीतून दाखवायला हवे. मध्यरात्री दुचाकीवर तिघे आणि शर्टाच्या आत कोयता, हे चित्र स्वतःच बोलते. गळीत हंगामात कारखान्याकडे निघालेल्या मजुराच्या पिशवीतला तोच कोयता काही बोलत नाही. लोखंडाची लांबी सारखीच असते, फरक भोवतालच्या नोंदीत असतो आणि घाईत लिहिलेल्या पंचनाम्यात नेमकी तीच गाळली जाते.

बंदुकीच्या बाबतीत असा घोळ नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आहे. पोलिसांकडून किंवा सैन्यदलाकडून बळाने शस्त्र हिसकावल्यास किमान दहा वर्षे ते जन्मठेप.

‘अंगावरील’ म्हणजे नेमके कुठवर?

कलम ५० फक्त अंगावरच्या हत्यारापुरते आहे. कमर, खिसा, मोजा, हातातली पिशवी इथवर ते ताणता येईल. उभ्या मोटारीची डिकी किंवा घरातले कपाट त्यात बसत नाही. त्यासाठी झडतीचे वेगळे अधिकार वापरावे लागतात. जामीन मिळू न शकणाऱ्या किंवा देऊ न शकणाऱ्या अटकेतील व्यक्तीची सर्वसाधारण अंगझडती कलम ४९ खाली होते. तिथे अंगावरच्या कपड्यांखेरीज सर्व वस्तू सुरक्षित ठेवायच्या आणि घेतलेल्या वस्तूंची पावती त्या व्यक्तीला द्यायची, असे बंधन आहे. स्त्रीची झडती स्त्रीनेच, सभ्यता राखून घ्यायची. गुन्ह्याचा संशय निर्माण करणारी वस्तू पुरावा म्हणून जप्त करण्याचा अधिकार कलम १०६ मध्ये आहे आणि अशा जप्तीची माहिती न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावी लागते.

इथे एक गोंधळ टाळायला हवा. ‘कलम ५० चा हक्क सांगितला नाही म्हणून आरोपी सुटला’ असे आपण वाचतो, तेव्हा ते बहुधा अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ५० असते. राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर झडती मागण्याचा हक्क त्यात आहे. हत्याराच्या अंगझडतीत तसा हक्क नाही. आकडा एक, कायदे दोन.

चित्रीकरण बंधनकारक आहे का?

नव्या संहितेतील सर्वाधिक गाजलेल्या बदलांपैकी हा एक. कलम १०५ नुसार झडती आणि जप्ती, वस्तूंची यादी आणि त्यावरील साक्षीदारांच्या सह्या या सगळ्याचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण, शक्यतो मोबाइलवर, करायचे आहे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे आहे. त्यासाठी ‘ई-साक्ष्य’ हे ॲप पोलिसांना देण्यात आले आहे.

पण कलमाचे शब्द नीट वाचले तर एक फट दिसते. हे बंधन ‘या प्रकरणाखालील’ जप्तीला आणि कलम १८५ खालील झडतीला आहे. कलम १०६ त्या प्रकरणात येते. कलम ४९ आणि ५० मात्र अटकेच्या प्रकरणात, म्हणजे त्याबाहेर आहेत. शब्दशः अर्थ घेतला तर कमरेचा कट्टा केवळ सुरक्षिततेसाठी काढून घेताना कॅमेरा सुरू करण्याची सक्ती नाही. तोच कट्टा पुरावा म्हणून जप्त करताना आहे. झटापटीत एका हाताने संशयिताचे मनगट धरायचे आणि दुसऱ्या हाताने चित्रीकरण करायचे, ही अपेक्षा कोणीच करणार नाही. त्यामुळे ही सूट समजण्यासारखी आहे. मात्र हत्यार ‘मिळून आले’ की ‘ठेवले गेले’ हा आरोपीचा नेहमीचा आक्षेप नेमका त्याच न चित्रित झालेल्या अर्ध्या मिनिटाबद्दल असतो. हत्यार आधीच टेबलावर मांडून केलेले जप्तीचे चित्रीकरण त्या आक्षेपाला उत्तर देत नाही. चित्रीकरण न केल्यास परिणाम काय, हेही कलम १०५ सांगत नाही.

अंगझडतीचेही चित्रीकरण शक्य तितके करावे, असा शिरस्ता राज्याच्या गृह विभागाने घालून दिला तर तो पोलिसांच्याच फायद्याचा ठरेल. प्रामाणिक हवालदाराला त्याचा सर्वाधिक उपयोग होईल.

मग खटले कोसळतात ते कुठे?

एक समज असा असतो की झडती बेकायदा ठरली की पुरावा बाद. भारतात तसे नाही. पूरन मल प्रकरणात घटनापीठाने १९७३ मध्ये स्पष्ट केले, की झडतीत दोष होता एवढ्यावरून मिळालेला पुरावा अग्राह्य होत नाही. म्हणजे कलमाचा आकडा चुकला म्हणून कट्टा अदृश्य होत नाही. त्याच्यावरचा विश्वास मात्र उडू शकतो, आणि आरोपी सुटतात ते बहुतेक वेळा त्यामुळे.

पहिली जागा म्हणजे लाखबंद करणे. अमरजितसिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९९५ च्या निकालात जागेवरच रिव्हॉल्वर सीलबंद न करणे ही सर्वोच्च न्यायालयाने गंभीर त्रुटी मानली, कारण मधल्या काळात त्यात फेरफार झाला नसल्याची खात्री उरत नाही. सील कोणाचे, ते नंतर कोणाकडे राहिले, मुद्देमाल कारकुनाच्या नोंदवहीत हत्यार कधी जमा झाले आणि न्यायसहायक प्रयोगशाळेत कधी गेले, अशी ही साखळी असते. एक दिवस जुळला नाही तरी प्रश्न येतो.

दुसरी जागा पंच. अनोळखी माणूस कोर्टाच्या चकरांना घाबरून पंच व्हायला तयार होत नाही, म्हणून ठाण्याच्या ओळखीतले तेच ते पंच येतात. न्यायालयात एक तर ते फितूर होतात, किंवा याआधी किती पंचनाम्यांवर सही केली, या प्रश्नावर गडबडतात.

तिसरी जागा कोणाच्याच लक्षात नसते. अग्निशस्त्राच्या कलम ३ च्या गुन्ह्यात खटला भरण्यापूर्वी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. ती यांत्रिकपणे, हत्यार किंवा कागद न पाहता दिली गेल्याचे दिसले तर सगळी मेहनत वाया जाते. कट्टा चालू स्थितीत होता, हा तज्ज्ञाचा अहवालही हवा.

आणि ‘ताबा’ म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, हे १९९४ च्या संजय दत्त प्रकरणात घटनापीठाने सांगितले आहे. कमरेला खोचलेल्या पिस्तुलाबाबत नकळत ताबा असल्याचा बचाव टिकणे कठीण. चौघे बसलेल्या रिक्षाच्या सीटखाली सापडलेल्या पिस्तुलाबाबत तो टिकू शकतो.

अटकेनंतर काही दिवसांनी ‘आरोपीने काढून दिलेले’ हत्यार ही आणखी वेगळी गोष्ट. ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ खाली येते. तिथे आरोपीचे नेमके शब्द पंचनाम्यात हवेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रामानंद प्रकरणात बजावले.

हत्यार सापडल्याने आरोपीच्या वाट्याला आणखी काय येते?

बेड्या. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये प्रेमशंकर शुक्ला प्रकरणात सरसकट बेड्या घालण्याला विरोध केला होता. नव्या संहितेच्या कलम ४३(३) ने काही गुन्ह्यांत, गुन्ह्याचे स्वरूप आणि गांभीर्य पाहून, बेड्या घालण्याची मुभा दिली. खून, बलात्कार, दहशतवादी कृत्य यांच्या यादीत बेकायदा शस्त्र व दारूगोळा बाळगणे हाही गुन्हा आहे. अंगझडतीत कट्टा ‘मिळून आला’ ही नोंद म्हणूनच केवळ पुराव्यापुरती राहत नाही. पुढच्या तासाभरात त्या माणसाला कसे वागवले जाईल, हेही ती ठरवते.

पोलिसांच्या हत्याराचे काय?

काही वेळा जप्तीची दिशा उलटी होते. २०१४ च्या पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य निकालात सर्वोच्च न्यायालयाने चकमकीतील मृत्यूंसाठी १६ निर्देश दिले. त्यातील एकानुसार संबंधित पोलिसांनी आपली शस्त्रे न्यायवैद्यक तपासणीसाठी सुपूर्द करायची आहेत. २३ सप्टेंबर २०२४ रोजी बदलापूर लैंगिक अत्याचार प्रकरणातील आरोपी पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून मरण पावला. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावल्याचा पोलिसांचा दावा होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर कठोर प्रश्न विचारले. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात त्या पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे आढळले नसल्याची नोंद होती. हत्यार कोणी हाताळले आणि ते कसे जपले, हा प्रश्न दोन्ही बाजूंना सारखाच लागू पडतो.

सामान्य नागरिकाशी याचा संबंध काय?

कलम ५० मध्ये ‘अटक करणारी अन्य व्यक्ती’ असे शब्द आहेत. समजा, लोकलच्या डब्यात चाकूचा धाक दाखवून लुटणाऱ्याला प्रवाशांनी पकडले. अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा आपल्यासमोर करणाऱ्याला पकडण्याचा अधिकार कलम ४० ने नागरिकांना दिला आहे आणि त्याचा चाकू काढून घेण्याचाही अधिकार त्यांना आहे. मात्र विनाकारण विलंब न करता, जास्तीत जास्त सहा तासांत, त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते. सहा तासांची ही मुदत नव्या संहितेतील आहे. चाकूही त्याच वेळी द्यायचा. मारहाण करण्याचा अधिकार यात कुठेही येत नाही. तो चाकू शक्य तितका कमी हाताळलेला बरा, कारण पुढे ठसे त्याच्यावरच शोधले जाणार असतात.

परवानाधारकांसाठीही एक मुद्दा आहे. कौटुंबिक किंवा जमिनीच्या वादात अटक झाली आणि अंगावरील परवान्याचे रिव्हॉल्वर काढून घेतले गेले, तर परवाना आपोआप रद्द होत नाही. तो निलंबित वा रद्द करण्याचा निर्णय परवाना देणारा अधिकारी शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खाली स्वतंत्रपणे घेतो. निवडणुकीआधी छाननी करून शस्त्रे जमा करून घेतात, ती प्रक्रियाही वेगळी. अटकेत घेतलेल्या वस्तूंची पावती मागावी आणि त्यावर शस्त्राचा क्रमांक व काडतुसांची संख्या आहे ना, हे तिथल्या तिथे पाहावे. वस्तू न्यायालयापुढे आल्यावर १४ दिवसांत तिचे वर्णनपत्र तयार करायचे आणि त्यानंतर ३० दिवसांत तिच्या विल्हेवाटीचा किंवा ताब्याचा आदेश द्यायचा, अशी मुदत नव्या संहितेच्या कलम ४९७ ने घातली आहे. शस्त्र परत मिळण्याचा अर्ज याच टप्प्यावर करायचा असतो. पावतीवर क्रमांकच नसेल, तर त्या अर्जात लिहायचे काय, इथपासून अडचण सुरू होते.